ते पेढे कसले होते

नजमा,

तीन दिवस तुझ्या घरी बायका येत आहेत आणि तू किती मायाळू होतीस ते एकमेकींना सांगत आहेत. मी भिंतीशी, गालिच्याच्या कडेला बसून ऐकते. "कधी कुणाला दुखावलं नाही हो बिचारीनं," असे काल एकीने म्हटले. भर पंगतीत तिच्या बिर्याणीचे शीत दोन बोटांत दाबून पाहत तू तिला विचारले होतेस, "शिजवली हाय की सिमिटात कालवली हाय?" ते ती विसरली. माणूस गेला की त्याला घासूनपुसून गुळगुळीत करण्याची सगळ्यांना केवढी घाई होते. मला ती घाई नाही. तू दुष्ट होतीस, नजमा. तुझ्या जिभेला धार होती आणि समोरचा पाहुणा आहे की आजारी आहे, हे पाहून तू ती कधी म्यान केली नाहीस.

तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर तुला नेले. बायकांनी दफनाला जायचे नसते; मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्या ओट्यावरच्या कोथिंबिरीचा कुजू लागलेला वास घेत होते. तुझे इक्बालभाई परतले तेव्हा त्यांच्या चपलांना ओली माती होती. मी विचारले, "कुठे?" ते म्हणाले, "रांगेत, वैनी. एक धोंडा हाय. नाव नाय. इथं नाव लावत नायत." म्हणजे या शहरात तू नक्की कुठे आहेस, हे मला कधीच दाखवता येणार नाही. आयुष्यभर प्रत्येक जागी आवाजाने ओळखू येणारी तू, आणि तुझ्या वाट्याला बिननावाचा दगड. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरा हाय. कोणी फुलं टाकून कचरा नाय करणार."

पण मी हे सगळे लिहिते आहे ते सनामुळे. काल कपबश्या विसळताना तुझ्या लेकीने नळ बंद केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मावशी, एक विचारू? अम्मी हॉस्पिटलमध्ये बोलली, मावशीला सगळं माहिती आहे, मी तिला फर्स्ट डेलाच सांगितलं होतं. सच है?" मी तोंड उघडण्याआधीच तिने पुढचा प्रश्न ठेवला. "मग ते पेढे कसले होते?"

मी म्हटले, "उद्या सांगते."

तो उद्या आता उजाडला आहे. 'नाही' म्हणावे, तर तुझे शेवटच्या दिवसांतले बोलणे खोटे ठरते आणि एवढे मोठे मरण तू चार महिने एकटीने उराशी घेऊन हिंडलीस, हे तुझ्या लेकीला कळते. 'हो' म्हणावे, तर तुझ्या मरणाची बातमी ऐकून घरोघर पेढे वाटणारी बाई मी ठरते. या दोन्हींपैकी खरे काय ते मला माहीत नाही. तूच सांगू शकली असतीस, आणि तू सांगितले नाहीस.

सुरुवात तुझ्याच एका धड्यापासून करते. आम्ही नव्याने रियाधला आलो, तेव्हा तुझ्या डोक्यावरच्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड लागले. कागदांच्या कामाला गेलो असताना खिडकीतल्या माणसाने आमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, माझ्या नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "खलास." मला वाटले, परवाना नाकारला. आपल्याकडे खलास म्हणजे संपला, मेला. त्या संध्याकाळी मी हे तुला सांगितले आणि तू जिन्यात बसून हसलीस. मग आत जाऊन डबा आणलास, त्यातला मधाच्या रंगाचा एक खजूर माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, "खलास." मी डब्यात डोकावले, डबा तर भरलेला होता. तू पुन्हा हसलीस. त्या खजुराच्या जातीचे नावच खलास. "अगो बाय, इथं खलास म्हंजे काम झालं. सुटलीस. घाबरायचं नाय, खायचं." तो खजूर जिभेवर विरघळत असताना तू मला या देशातला पहिला शब्द शिकवलास. पुढे कित्येक महिने मी घरात कोंडलेली, कुणाशी काय बोलावे ते न सुचणारी बाई होते. तुझ्या त्या एका शब्दाच्या आधाराने मी भाजीवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी, शाळेतल्या शिपायाशी बोलू लागले. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "आभार ठेव तुज्या कवितेत."

माझ्या कवितांवर तर तुझा विशेष डोळा. त्या तू ऐकायचीस, मासे साफ करताकरता, आणि खवले उडावेत तसे माझे शब्द उडवायचीस. 'हे गुळमट हाय.' 'हा शब्द तू कोणाच्या घरातून आणलास?' तुझ्याइतके नीट माझे कुणी ऐकले नाही. तुझ्याइतके क्रूरपणेही नाही.

आता त्या पायातल्या जोड्यांकडे येते, जिथून सगळे सुरू झाले.

जेद्द्याला बलदच्या जुन्या बाजारात इक्बालभाईंच्या धाकट्या भावाचे लहानसे दुकान. बंदरात कुणी सोडवून न नेलेला माल लिलावात निघाला, त्यात खोक्यांवर 'स्नो शूज' असे छापलेले. भावाला वाटले, बर्फात घालायचे लोकरी अस्तराचे बूट असणार. तबूकच्या डोंगरात हिवाळ्यात हिम पडते, लोक गाड्या काढून बघायला जातात, एका आठवड्यात माल उठेल. अर्धी खोकी त्याने भावाकडे रियाधला पाठवली. ती आम्ही तुमच्या बैठकीत उघडली. आतून निघाल्या ॲल्युमिनियमच्या लांबट चौकटी, मध्ये ताणलेले जाड कापड, वर पट्टे. इक्बालभाईंनी एक हातात धरून फिरवून पाहिली. "ह्यात पाय कुठं घालायचा?"

"त्याच्यात पाय नाय, डोकं घालायचं," तू म्हणालीस. "दोगा भावांनी."

मी फोनवर शोधून सांगितले की हे बुटांखाली बांधतात. भुसभुशीत बर्फावर वजन पसरते, माणूस रुतत नाही. मी बर्फ कधी पाहिला नव्हता, तूही नाही. मला तो शब्द ऐकताच डोळ्यांपुढे शुभ्र निःशब्द माळ येतो. तुला मासळीची टोपली आठवली. "बरफ म्हंजे पापलेटच्या खालचा," तू म्हणालीस, आणि मग त्या चौकटीचे कापड बोटांनी दाबत राहिलीस. "बरफ भुसभुशीत. रेतीपण भुसभुशीत. पायाला काय कळतंय खाली काय हाय ते?"

तिथून तुझे खूळ सुरू झाले. त्या हिवाळ्यात चांगला पाऊस झाला होता आणि शहराबाहेर खराराच्या उद्यानात, तांबड्या वाळूच्या टेकड्यांच्या मध्ये, दरवर्षी न भरणारा तो तलाव भरला होता. तू ठरवलेस की मराठी मंडळींना सहकुटुंब तिथे न्यायचे आणि वाळूवर चालवायचे. नवशिक्यांना, लेकराबाळांना, सगळ्यांना. ग्रुपवर टाकायचा मजकूर मी लिहिला आणि त्यात त्या वस्तूला नाव दिले 'हिमपादुका'. तू तो मोठ्याने वाचलास.

"पादुका? चालायचंय की फुलं वाहून उदबत्ती लावायचीय?"

"मग तू सांग मराठीत काय म्हणायचं."

"बरफाच्या चपला. आणि लिही, मोठ्या पोटाच्या पुरुषांनी स्वतःच्या जबाबदारीवर येणे."

ते मी लिहिले नाही, पण तू तिथे पोहोचल्यावर तोंडी जाहीर केलेस. जानेवारीतली सकाळ. वाळू थंड आणि पावसाने जड, हातात घेतली तर ओल्या विटेसारखा वास येणारी. तलाव चहाच्या रंगाचा आणि इतका स्थिर की काठच्या झुडपांची पिवळी फुले पाण्यात अधिक स्पष्ट दिसत होती. सात-आठ कुटुंबे, प्रत्येकाच्या पायांना त्या चौकटी, आणि हातांत काठ्या म्हणून इक्बालभाईंच्या दुकानातले फरशी पुसायच्या मॉपचे दांडे. तू उंचवट्यावर उभी, डोक्याला काळा रुमाल घट्ट, आणि सगळ्यांना शिकवू लागलीस. पाय फाकवून टाका. गुडघा उचला. टाच आपोआप सुटेल, तिला सोडू द्या. आणि काही झाले तरी मागे पाऊल टाकायचे नाही, कारण चौकटीचे शेपूट रेतीत घुसते आणि माणूस बसतो. मागे यायचे असेल तर लांबून वळसा घालून या.

लोक पडू लागले. तुझे शिकवणे मग खरे रंगले. पडलेल्याला उचलायला कुणी धावला की तू ओरडायचीस, "हात नाय लावायचा! पडल्याबिगर पाय कळत नाय." माझ्या नवऱ्याच्या बँकेतले एक साहेब तिसऱ्यांदा आपटले, तेव्हा तू अदबीने म्हणालीस, "भाईसाब, तालाब उधर है. आप तो लुढ़कते हुए पहुँच जाओगे." ते साहेबच सर्वांत मोठ्याने हसले. प्रत्येक पावलाला मागची वाळू उडून पोटऱ्यांवर, पाठीवर, मानेत जात होती. चौकटींचा आवाज दात खाल्ल्यासारखा. आणि मुले मागे वळून स्वतःचे ठसे पाहत होती, जणू एखादा अजस्र, अवजड पक्षी तिथून चालत गेला होता. इतक्या माणसांना एकाच वेळी इतके हास्यास्पद आणि इतके सुखी मी या देशात कधी पाहिले नव्हते. ते सुख तुझे होते, नजमा. कुणावरही दया न करता तू ते दिलेस.

तलावाच्या अलीकडच्या उतारावर तू थांबलीस. बाकीचे पुढे गेले. मी मागे पाहिले तर तू नकळत एक पाऊल मागे टाकले होतेस. मागे! तूच! शेपूट रुतले आणि तू खाली बसलीस. मी तुझाच नियम पाळून लांबून वळसा घालून तुझ्यापाशी आले. तुझा एक हात पोटावर होता. ओठांना वाळू लागली होती. मला एकदम आठवले की त्या आठवड्यात तुझ्या तपासण्या होत्या. पोट दुखते म्हणून तू एकटीच गेली होतीस, इक्बालभाई जेद्द्याला असताना.

"काय झालं रिपोर्टचं?"

तू तलावाकडे पाहत होतीस. "आला. डाक्टर बोलला, खलास."

"अगं, मग सुटलीस!" मी वाळूतच गुडघे टेकले आणि तुला मिठी मारली. "काहीच नाही निघालं! पेढे पाहिजेत आता."

तू माझ्याकडे पाहिलेस. त्या नजरेमुळे मी तीन रात्री झोपलेले नाही. मग तू हसलीस, नेहमीचे ते गडगडाटी, आणि म्हणालीस, "पेढे? हां. वाट गो बाय. सगळ्यांना वाट." आणि पुढे गेलेल्यांना हाक दिलीस, "यल्ला, दमानं चला, आजीबायांनो, तलाव पळून नाय चालला!"

मी वाटले. घरी येऊन दुधाची भुकटी आटवली, वेलची कुटली, बोटांनी दाबून वळले, आणि आपल्या इमारतीतल्या मराठी घरांत नेऊन दिले, 'नजमाचे रिपोर्ट उत्तम आले' असे सांगत. तुझ्या घरी स्वतः इक्बालभाईंच्या तोंडात पेढा घातला. सनाने दोन खाल्ले. तूही खाल्लास. सगळ्यांच्या देखत, उभ्याने, बोटे चाटून.

तेव्हापासून तू आजारी आहेस हे कुणाला कळायचा मार्गच मी बंद करून टाकला. तू बारीक होऊ लागलीस तेव्हा लोक म्हणाले, छान झाली. तू जेवणातून उठून गेलीस तेव्हा इक्बालभाई म्हणाले, ॲसिडिटी आहे, रिपोर्ट तर चांगलेच होते ना. माझ्या पेढ्यांआड तू तुझे मरण लपवलेस. कुठल्या मैत्रिणीने कुठल्या मैत्रिणीला असे वापरले असेल? आणि मग तू बाथरूममध्ये पडलीस, आणि डॉक्टरांनी इक्बालभाईंना विचारले की हिवाळ्यात सांगितले होते, तेव्हा उपचार का घेतले नाहीत.

तुझ्यापाशी बसून मी एकदाच भांडले. औषधांनी तुझे डोळे जड झाले होते, पण तू होतीस, पूर्ण होतीस. मी म्हटले, "तू मला खलास म्हणाली होतीस. ते कुठलं खलास, नजमा? त्यांचं की आपलं?"

तू उशीवर मान माझ्याकडे वळवलीस. मग म्हणालीस, "तुला कुठला आवडला?"

"चेष्टा करू नकोस."

"तू कवी ना गो? लाव तुजा तू अर्थ." आणि जरा वेळाने, डोळे मिटून, "पेढा बरा झालेला. वेलची जास्त पडलेली."

मग नर्स आली. मला बाहेर जायला सांगितले. आपले भांडण तिथे तसेच पडून राहिले आहे. मी ते मनात पुढे चालवून पाहते. एकदा मला वाटते, तू मला खरोखरच सांगत होतीस, आपल्या भाषेत, तुझ्या गावच्या खाडीत होडी बुडाली की लोक 'खलास' म्हणतात तसे. आणि माझ्या आनंदाने तुझ्या तोंडावर हात ठेवला. एकदा वाटते, तू तो शब्द मुद्दाम निवडलास. दोन्हीकडे उघडणारा शब्द, ज्यातून सांगितलेही जाईल आणि मी चुकीच्या दाराने आनंदाने बाहेरही पडेन. शब्दांची पारख मला आहे असे लोक म्हणतात. तू आयुष्यात एक ओळ लिहिली नाहीस आणि मला न उलगडणारी एकच ओळ माझ्या अंगावर टाकून गेलीस. आजच्या घडीला मला तुझा राग येतो तो या कारणाने. तू गेलीस याचा राग मला अजून परवडत नाही.

एवढे लिहून आज सकाळी मी खाली गेले. घरात सना एकटी होती. इक्बालभाई कागदांच्या कामाला गेले होते. तिने चहा दिला. साखर नव्हती घातलेली. तिला लक्षात नव्हते की मला लागते, किंवा होते. ती माझ्यासमोर बसली आणि वाट पाहू लागली. बसणे अगदी तुझे, एक गुडघा वर.

मी म्हटले, "हो. मला सांगितलं होतं तिनं. तलावाकाठी."

"सगळं?"

"सगळं."

"आणि पेढे?"

"तिनंच सांगितलं, सगळ्यांना वाट म्हणून."

यातला एक शब्दही खोटा नाही, नजमा. तू माझ्याशी जसे बोललीस, तसेच मी तुझ्या लेकीशी बोलले. हे बोलणे मी कुणाकडून शिकले ते तुला सांगायला नको.

सना बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अम्मी अकेली नव्हती. इतके दिवस."

"नव्हती."

तिच्या खांद्यांमधले काहीतरी सुटले. मला दिसले. तीन दिवसांत पहिल्यांदा तिने पूर्ण श्वास घेतला, आणि त्या एका श्वासासाठी मी हे केले होते. मी हात पुढे केला. तिने तो पाहिला. उठली, माझ्यासमोरचा अर्धा भरलेला कप उचलून मोरीत रिकामा केला आणि पाठमोरीच म्हणाली, "चार महिने. तू रोज वर-खाली येत होतीस. मेरे साथ बैठके टीव्ही देखती थी. माझ्या बर्थडेचा केक तू केलास. तू एकदा बोलली असतीस, तर मी अम्मीबरोबर बसले असते, मावशी. मी कॉलेज सोडून बसले असते."

मला उत्तर होते. ते दिले असते तर तिचा तो श्वास पुन्हा अडकला असता. मी उठले.

तिने दार उघडून धरले. बोलायला शिकली तेव्हापासून ही मुलगी मला 'तू' म्हणत आली आहे. तुझ्या मांडीवरून उतरून माझ्या मांडीवर येताना, माझ्या हातून केस विंचरून घेताना, कालपर्यंत, आत्ता क्षणापूर्वीपर्यंत. ती म्हणाली, "अब्बा आते होंगे. आप अब जाइए."

आप. इतका स्वच्छ वार तुलाही कधी साधला नव्हता, नजमा. मी पायऱ्या चढू लागले, आणि तिने दार आवाज न करता लावून घेतले.